पुणे, पर्यटन आणि महापालिकेची तिजोरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महापालिकेचं अंदाजपत्रक जाहीर झालं की हे प्रश्न येऊ लागतात. शहरात एखादी मोठी परिषद भरून रातोरात दुभाजक रंगले की पुन्हा येतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, किचकट नंतर. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला असेल तर तिथे जाऊन वाचा. तीच गोष्ट दोनदा लिहायचा मला कंटाळा आहे.

१. पुणे महापालिका पर्यटनावर किती पैसे खर्च करते? एक आकडा सांगा ना.

एक आकडा सांगणारा माणूस भेटला तर त्याला पहिला प्रश्न विचारा: यात काय काय धरलं आहे? २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. त्यात पर्यटकाच्या उपयोगाचा खर्च वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला असतो. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आणि सारसबाग उद्यान खात्याकडे. विश्रामबागवाड्यासारख्या वास्तूंची डागडुजी हेरिटेजच्या कामात. बालगंधर्व रंगमंदिर आणि इतर नाट्यगृहं सांस्कृतिक केंद्रांच्या खाती. ‘पुणे दर्शन’ बस पीएमपीची (म्हणजे शहर बससेवेची), आणि पीएमपीची तूट पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६०:४० या प्रमाणात भरून देतात, म्हणजे त्या बसमागेही करदाता उभा आहेच. पालखी सोहळ्यातली फिरती शौचालयं आणि पाण्याचे टँकर, गणेशोत्सवातले विसर्जन हौद हा खर्च तर पर्यटन म्हणून कोणी मोजतही नाही, आणि माझ्या मते मोजूही नये. वारकरी हा पर्यटक नव्हे.

२. पण पर्यटन हे महापालिकेचं काम आहे का मुळात?

बंधनकारक नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामं आहेत: पाणी, गटारं, रस्ते, दिवे, कचरा. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय दिले, त्यांतही ‘पर्यटन’ असा शब्द नाही. उद्यानं-मैदानं आहेत, सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं आहे. महापालिका पर्यटनाकडे वळते ती या दारांनी.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की पैसा कमी पडला की पहिली कात्री ऐच्छिक कामांना लागते.

३. महापालिकेकडे पैसा येतो कुठून?

मुख्यतः तीन ठिकाणांहून: मालमत्ताकर, बांधकाम परवानगीचं शुल्क आणि जीएसटीच्या बदल्यात राज्य सरकारकडून येणारं अनुदान. यातल्या तिसऱ्याचा इतिहास ठाऊक असला तर पुढची उत्तरं सोपी जातील. पूर्वी जकात होती. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांची एलबीटी माफ झाली, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलीसुरलीही गेली. बुडालेल्या उत्पन्नापोटी राज्य सरकार महापालिकांना दरमहा रक्कम देतं. ती ठरते २०१६-१७ च्या उत्पन्नावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ धरून.

४. बाहेरचे लोक पुण्यात हॉटेलात राहतात, कर भरतात. तो पैसा शहरालाच मिळतो ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

समजा एकाने सेनापती बापट रस्त्यावरच्या हॉटेलात रात्रीला ५,००० रुपयांची खोली घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे २५० रुपये कर. त्यातले १२५ केंद्राचे, १२५ महाराष्ट्र राज्याचे. पाहुणा बंगळुरूचा असला तरी हिशेब हाच, कारण खोलीच्या भाड्यावरचा कर हॉटेल जिथे आहे त्या राज्यातच लागतो. पुणे महापालिकेच्या खात्यात या २५० रुपयांतून थेट एक पैसाही येत नाही.

‘पण राज्य सरकार अनुदान देतं की!’ देतं. ते कसं ठरतं ते वर तिसऱ्या उत्तरात वाचलंत. त्या सूत्रात शहरातली हॉटेलं भरली की ओस पडली, याला जागाच नाही. मालमत्ताकराचंही तसंच. पुण्यात तो इमारतीच्या वार्षिक करपात्र रकमेवर लागतो. वर्षभर फलकावर ‘खोली शिल्लक नाही’ असं लिहिलेलं असलं तरी बिल वाढत नाही.

पाहुण्यामुळे कचरा वाढतो, पाणी लागतं, रस्त्यावर टॅक्सी वाढतात, आणि हा सगळा भार पहिल्या दिवसापासून महापालिकेवर. उत्पन्न मात्र दिल्ली-मुंबईकडे. पाहुणे एकाच्या घरी आणि आहेर दुसऱ्याच्या घरी, असा हा मामला. महापालिका पर्यटनाबद्दल भाषणात उत्साही आणि अंदाजपत्रकात थंड असते, त्याचं मोठं कारण हे आहे. अधिकाऱ्यांच्या नावाने बोटं मोडण्याआधी हे गणित डोक्यात असू द्यावं.

५. मग महापालिकेने हॉटेलांवर स्वतःचा छोटासा पर्यटन कर लावावा. परदेशात लावतात की.

लावतात. अमेरिकेतल्या अनेक शहरांत खोलीभाड्यावर स्थानिक कर असतो आणि त्यातूनच शहराचा प्रचार करणारी, परिषदा खेचून आणणारी संस्था चालते. तिथे खोल्या भरल्या की प्रचाराचा पैसा आपोआप वाढतो.

आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. हॉटेलांवर जो चैनीचा कर होता तो १९८७ च्या कायद्याखाली राज्याचा होता, शहराचा नव्हता. १०१ व्या घटनादुरुस्तीने चैनीवरच्या कराचा विषयच राज्याच्या यादीतून निघाला आणि तो कर जीएसटीत विरला. महापालिका किंवा पंचायत यांच्यासाठी वाट उरली ती करमणूक कराची. पण करमणूक म्हणजे खोलीत झोपणं नव्हे, आणि डॉक्टरांची परिषद म्हणजेही नव्हे (काही व्याख्यानांविषयी मतभेद असू शकतात). शिवाय राज्याच्या कायद्याने अधिकार दिल्याशिवाय महापालिका कोणताच नवा कर लावू शकत नाही.

हॉटेलवाल्यांनी स्वेच्छेने वर्गणी काढून प्रचार करायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. हैदराबादेत २०११ पासून परिषदा आणण्यासाठी स्वतंत्र ब्युरो काम करतो आहे. पुण्यात असं काही उभं राहायचं तर पुढाकार महापालिकेपेक्षा व्यावसायिकांनी घेणं शहाणपणाचं, कारण वाढत्या धंद्याचा फायदा त्यांच्याच गल्ल्यात जमा होतो.

६. शनिवारवाड्याचं तिकीट काढलं. ते पैसे महापालिकेचे का?

नाही, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे. पुण्यात फिरताना एकेका फाटकाचा मालक बदलतो. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस आणि पाताळेश्वर लेणी केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. लाल महाल महापालिकेचा. आत्ताची इमारत महापालिकेनेच बांधलेली आहे. विश्रामबागवाडा आणि नाना वाडाही महापालिकेचे. राजा दिनकर केळकर संग्रहालय १९७५ मध्ये संस्थापक काकासाहेब केळकरांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. पर्वतीची देवळं देवदेवेश्वर संस्थानची. एम्प्रेस गार्डन एका जुन्या कृषी-उद्यान संस्थेचं. पु. ल. देशपांडे उद्यान मात्र महापालिकेचं, आणि तिथल्या तिकिटाचे पैसे महापालिकेकडेच जातात.

याचा त्रास पाहुण्याला होतो. शनिवारवाड्याच्या आतली पाटी एका खात्याची, बाहेरचा पदपथ दुसऱ्याचा, समोरची वाहतूक तिसऱ्याची. आत काही बिघडलं तर महापालिकेला हात लावता येत नाही, आणि तक्रार मात्र नगरसेवकाकडेच येते.

७. सिंहगडावर महापालिका खर्च का करत नाही? तिथे जाणारे तर आम्हीच.

गड महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिथे राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आणि वन खातं यांचा कारभार चालतो. घाटात गाडीचं शुल्क घेतात ते वन विभागाच्या व्यवस्थेतून. हद्दीबाहेर महापालिका निधी खर्चायचा तर मुख्य सभेचा (सगळ्या नगरसेवकांच्या सभेचा) ठराव लागतो. नुसतं पत्र पुरत नाही.

जिल्ह्यातल्या अशा ठिकाणांसाठी योग्य दार म्हणजे जिल्हा नियोजन समिती. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, आणि ‘क’ वर्ग पर्यटनस्थळांची किंवा तीर्थक्षेत्रांची कामं तिच्या निधीतून होतात. जाता जाता: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत पुणे जिल्ह्यातले तीन आहेत, शिवनेरी, लोहगड आणि राजगड. सिंहगड त्यांत नाही. दरवेळी कोणीतरी वाद घालतं, म्हणून लिहून ठेवलं.

८. मोठी परिषद भरवायला पुण्यात महापालिकेची जागा आहे का?

सभागृहं आहेत, परिषद केंद्र नाही. हा फरक महत्त्वाचा. १९६८ मध्ये उघडलेलं बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, स्वारगेटचं गणेश कला क्रीडा रंगमंच या जागा नाटक, मेळावा, पुरस्कार वितरण यांसाठी उत्तम. पण दीड हजार प्रतिनिधींच्या वैद्यकीय परिषदेला एकाच वेळी चालणारी आठ-दहा दालनं लागतात, प्रदर्शनाला जागा लागते, जेवणाची सोय लागते. नाट्यगृहात ते बसत नाही.

म्हणून अशा परिषदा मोठ्या हॉटेलांत, सेनापती बापट रस्त्यावरच्या मराठा चेंबरच्या इमारतीजवळच्या केंद्रात किंवा विद्यापीठांच्या आवारात जातात. प्रदर्शनं चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर किंवा मोशीला. किसान प्रदर्शन मोशीलाच भरतं. चिंचवड आणि मोशी या दोन्ही जागा पुणे महापालिकेच्या हद्दीत नाहीत, हे लक्षात घ्या. पोस्टरवर मात्र ‘पुणे’ असतं.

दुसरी अडचण विमानाची. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, बसायला जागा झाली, पण थेट आंतरराष्ट्रीय उड्डाणं मोजकीच. परदेशी प्रतिनिधी मुंबईला उतरून द्रुतगती मार्गाने येणार असेल तर संयोजक मुंबईतच परिषद भरवावी का, असा विचार करतोच. ही गोष्ट महापालिकेच्या कुठल्याही तरतुदीने सुटणारी नाही.

९. जी-२० च्या वेळी पुणे चकाचक झालं. तो खर्च कोणाचा?

२०२३ मध्ये पुण्यात तीन विषयांच्या बैठका झाल्या: जानेवारीत पायाभूत सुविधा, जूनमध्ये डिजिटल अर्थव्यवस्था आणि शिक्षण. परिषद केंद्र सरकारची. पाहुण्यांच्या वाटेवरचे रस्ते, भिंतींवरची चित्रं, दुभाजकांतली झाडं हे काम स्थानिक यंत्रणांच्या गळ्यात.

असा खर्च वाया जातो का? सगळाच नाही. डांबर राहतं, पदपथ राहतो. कुंड्या राहत नाहीत. एखाद्या कार्यक्रमाच्या निमित्ताने झालेल्या खर्चाची यादी हातात आली तर मी एवढंच बघतो, की पाहुणे गेल्यानंतरच्या पावसाळ्यात यातलं काय उरेल.

१०. आमच्या संघटनेचं राष्ट्रीय अधिवेशन पुण्यात आहे. महापालिका अनुदान देईल का?

रोख रक्कम मागाल तर वाट लांब आहे. अर्ज आयुक्तांच्या नावाने, मग खात्याचा अभिप्राय, स्थायी समिती, मुख्य सभा. आणि त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात अर्थशीर्षक (त्या खर्चाचं स्वतंत्र शीर्ष) नसेल तर वर्गीकरण (ते काय ते १३ व्या उत्तरात). एवढं होईपर्यंत तुमचं अधिवेशन होऊन स्मरणिकाही रद्दीत गेलेली असेल.

माझा सल्ला असा: पैसे मागू नका, सेवा मागा. कार्यक्रमाच्या दिवशी परिसराची जादा सफाई, फिरती शौचालयं, प्रतिनिधींसाठी विश्रामबागवाडा-लाल महाल अशी हेरिटेज फेरी, ‘पुणे दर्शन’च्या धर्तीवर पीएमपीची बस (भाडं भरून). अशा मागण्या खात्याच्या पातळीवरच मार्गी लागू शकतात.

परवानग्यांचं लवकर बघा. स्वागतफलक आणि कमानींसाठी आकाशचिन्ह व परवाना विभाग. तात्पुरत्या मांडवासाठी अग्निशमन दलाचा दाखला. वाहतूक आणि ध्वनिक्षेपक पोलिसांकडे, महापालिकेकडे नाही. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, तुमचे प्रमुख पाहुणे उशिरा आले तरी. विनापरवाना फलक लावू नका. दंड तर आहेच, शिवाय पुणेकर फोटो काढून नाव-गावासकट पाठवतात.

आंतरराष्ट्रीय परिषद पुण्याला मिळावी म्हणून बोली लावायची असेल तर महापालिकेपेक्षा केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या छत्राखाली १९८८ पासून असलेल्या इंडिया कन्व्हेन्शन प्रमोशन ब्युरोशी आणि राज्याच्या पर्यटन संचालनालयाच्या पुणे कार्यालयाशी आधी बोला.

११. सवाई, पुणे फेस्टिव्हल, पिफ: हे आमच्या मालमत्ताकरावर चालतात का?

तिन्ही वेगवेगळे आहेत, एका मापाने मोजू नका. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळ भरवतं. तिकिटं आणि प्रायोजक हा त्याचा आधार. पुणे फेस्टिव्हल १९८९ पासून गणेशोत्सवात होतो, त्याची स्वतंत्र समिती आहे आणि राज्याच्या पर्यटन महामंडळाचं सहकार्य असतं. पिफ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) २००२ पासून पुणे फिल्म फाउंडेशनचा, आणि त्यात राज्य सरकार भागीदार आहे. म्हणजे सरकारी पैसा जिथे आहे तिथे तो मुख्यतः मुंबईहून येतो. गणेशोत्सवाला २०२५ मध्ये ‘राज्य महोत्सवा’चा दर्जा मिळाला, तोही राज्य सरकारकडूनच.

१२. आमची कंपनी सीएसआरमधून शहराच्या पर्यटनाला मदत करू शकते का?

वारसा, कला, संस्कृती यांच्या जतनासाठी, हो. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत तो विषय आहे. जुन्या वाड्याचं लाकूडकाम दुरुस्त करून देणं बसतं. महोत्सवाच्या मंचामागे कंपनीचं नाव झळकवून स्वतःची जाहिरात साधणारं प्रायोजकत्व सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. वास्तू कोणाची ते सहाव्या उत्तरात पाहून त्या खात्याशीच करार करा.

१३. अंदाजपत्रकात हेरिटेजसाठी तरतूद वाचली होती. वर्ष संपलं, काम दिसत नाही. पैसे गेले कुठे?

बहुतेक वेळा कुठेच गेले नाहीत, कारण ते आलेच नव्हते. तरतूद म्हणजे खर्चाची परवानगी, रोकड नव्हे. उत्पन्न अंदाजापेक्षा कमी आलं की कामं थांबतात, आणि ३१ मार्चला न खर्चलेली तरतूद संपते. पुढच्या वर्षी त्याच नावाने पुन्हा घोषणा होते. एकच योजना सलग तीन अंदाजपत्रकांत ‘नवी’ म्हणून भेटली तर चक्रावू नका.

दुसरी शक्यता वर्गीकरणाची. एका शीर्षावरचा पैसा मंजुरी घेऊन दुसऱ्यावर वळवतात. हेरिटेजचा पैसा प्रभागातल्या ड्रेनेजला, असं होऊ शकतं. बेकायदा नाही, पण बातमीत येत नाही. म्हणून मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने शेजारी ठेवून वाचा. तिसरा रकाना सापडायला उशीर लागतो, कारण तो पुढच्या वर्षांच्या पुस्तकात छापला जातो.

१४. ‘पाच-दोन-दोन’खाली काम दिलं म्हणजे काय?

अधिनियमाच्या अनुसूचीतल्या प्रकरण ५, नियम २(२) चं हे बोलीतलं नाव. निविदा न मागवता, कारण नोंदवून, स्थायी समितीच्या मान्यतेने थेट काम देण्याची ती तरतूद. खरी निकड असेल तर उपयोगी. परिषदेची तारीख सहा महिने आधी ठाऊक असूनही आठवडा उरल्यावर ‘निकड’ उपटली तर प्रश्न विचारावा.

१५. नगरसेवकच नव्हते त्या काळात हे सगळं मंजूर कोणी केलं?

१४ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. स्थायी समिती आणि मुख्य सभा या दोन्हींचे अधिकार त्यांच्याकडे, म्हणजे आयुक्तांनी मांडायचं आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचं. त्या काळातल्या ठरावांवर चर्चेचे वृत्तांत मिळणार नाहीत, कारण चर्चा झालीच नाही.

१६. आमच्या पेठेत जुन्या वाड्यापाशी माहितीफलक हवा आहे. नगरसेवकाच्या मागे न लागता होईल?

होईल. २००६ पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत आहे. ५ लाखांपर्यंतचं काम तुम्ही क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचवू शकता. पुढच्या आर्थिक वर्षाचे अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवतात, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवा. वाडा खासगी असेल तर फलक सार्वजनिक जागेत सुचवा, नाहीतर पहिल्याच टेबलावर अर्ज अडेल. नगरसेवकाची ‘स’ यादी (अंदाजपत्रकातली त्याने सुचवलेल्या कामांची यादी) हा दुसरा मार्ग आहे, पण तिथे बाकं आणि कमानींशी स्पर्धा आहे.

१७. शहराच्या ब्रँडिंगवर खर्च करावा का? तुमचं मत?

आधी तुळशीबागेजवळ स्वच्छ शौचालय, मग बोधचिन्ह. महापालिकेला गर्दीतून थेट मिळणारं उत्पन्न म्हणजे प्राणिसंग्रहालयाची आणि उद्यानांची तिकिटं, सभागृहांची भाडी आणि वाहनतळ. तिने पैसा घालायचा तर इथेच घालावा; तो परत येण्याची शक्यता तरी आहे. जाहिरातीने आणलेल्या पाहुण्याचा कर कुठे जातो ते चौथ्या उत्तरात आहे.

१८. एखाद्या कार्यक्रमावर नेमका किती खर्च झाला हे कसं काढू?

माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. पण ‘पर्यटनावर किती खर्च केला’ असं विचारलंत तर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर आलंच म्हणून समजा (कारण पहिल्या उत्तरात). कार्यक्रमाचं नाव, तारखा, अर्थशीर्षक आणि मंजुरीच्या ठरावाचा क्रमांक द्या, आणि अदा केलेल्या बिलांच्या प्रती मागा. रस्ते, उद्यान, विद्युत आणि सांस्कृतिक केंद्रं या खात्यांना वेगवेगळे अर्ज करा, कारण प्रत्येक खात्याचा जनमाहिती अधिकारी वेगळा असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.